महाल की मुक्काम?

धर्मग्रामातील रस्त्यांवरून जाता-येता फाटकांवरील पाट्या वाचण्याची सवय अनेकांना असते. आम्हांलाही ती आहे. पूर्वी आपल्या घरांना पाट्या नव्हत्या. आळीचे नाव आणि घरातील कर्त्या पुरुषाचे नाव सांगितले की पोस्टमनलाच काय, परगावच्या सोयऱ्यालाही घर सापडत असे. आता केळीची वाडी मोडून अथवा बावखल बुजवून जे नवे घर उभे राहते, त्याच्या फाटकावर काळ्या ग्रॅनाइटची पाटी असते आणि तीवर आडनावापुढे 'व्हिला', 'पॅलेस' किंवा 'मॅन्शन' यांपैकी एखादा शब्द सोनेरी अक्षरांत कोरलेला असतो. घर लहान असो वा मोठे, शब्द मात्र मोठा निवडला जातो.

या तीन शब्दांपैकी 'मॅन्शन' या शब्दाने आम्हांला विचार करावयास लावले. एका रविवारी आम्ही प्रवचनात टोलेजंग घरांच्या वाढत्या हौसेविषयी चार शब्द बोललो होतो. मिस्सा संपल्यावर एका सुविद्य गृहस्थांनी नम्रपणे, पण ठामपणे विचारले, "फादर, प्रभूने तर पित्याच्या घरी पुष्कळ मॅन्शन्स असल्याचे सांगितले आहे. इंग्रजी बायबलात हाच शब्द आहे. स्वर्गात जे चालते, ते इथे का चालू नये?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मोठे घर बांधणे नैतिकदृष्ट्या बरे की वाईट, या जुन्या वादाला त्यांनी शुभवर्तमानातील एका शब्दाचा आधार दिला होता. तेव्हा आधी तो शब्द तपासणे क्रमप्राप्त ठरते.

'मॅन्शन'चे मूळ लॅटिन भाषेतील 'मान्सिओ' या नामात आहे आणि ते नाम 'मानेरे', म्हणजे थांबणे, राहणे, या क्रियापदापासून झाले आहे. इंग्रजीतील 'रिमेन' आणि 'पर्मनंट' ही याच कुळातील भावंडे होत. मात्र रोमन माणसाच्या तोंडी 'मान्सिओ' हा शब्द येई तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर संगमरवरी सोपे आणि कारंजी उभी राहत नसत. त्या अर्थासाठी त्याच्याकडे 'दोमुस' हा शब्द होता. शेतीवाडीसह असलेल्या घरासाठी 'व्हिला' होता. (या व्हिलावर राबणाऱ्या कुळाला 'व्हिलानुस' म्हणत आणि त्यावरूनच पुढे इंग्रजीत 'व्हिलन' आला, हे आमच्या सिनेमाप्रेमी वाचकांनी ध्यानी घ्यावे.) 'पॅलेस' हा शब्द रोममधील पॅलाटाइन टेकडीवरून आला, तेथे सम्राट राहत असत. 'मान्सिओ' मात्र राजरस्त्यावरचा मुक्कामाचा टप्पा होता. सम्राट ऑगस्टस याने सरकारी टपाल आणि अधिकारी यांच्या प्रवासासाठी जी व्यवस्था उभारली, तीत सुमारे एका दिवसाच्या वाटचालीवर एकेक मान्सिओ असे. मधल्या ठिकाणी घोडी बदलण्याची ठाणी असत, त्यांना 'मुतातिओ' म्हणत. वाटसरूने संध्याकाळी यावे, जनावरांना चारा घालावा, पाठ टेकावी आणि पहाटे पुढची वाट धरावी, एवढेच त्या जागेचे प्रयोजन होते.

इ. स. ३३३ मध्ये आजच्या फ्रान्समधील बोर्दो नगरातून एक ख्रिस्ती यात्रेकरू जेरुसलेमला गेला. त्याचे नाव इतिहासाला ज्ञात नाही, परंतु त्याची प्रवासवही टिकून आहे. वाटेत कोणकोणत्या मान्सिओ व मुतातिओ लागल्या आणि त्यांच्यात किती अंतर होते, याची त्याने वाण्याच्या वहीसारखी नोंद ठेवली आहे. बोर्दोपासून आर्ल्सपर्यंतच्या पहिल्याच पल्ल्यात ३० मुतातिओ आणि ११ मान्सिओ त्याने मोजल्या. शब्द तोच, जो आज आमच्या आळीतील ग्रॅनाइटवर आहे. पण त्या यात्रेकरूने तो एकेका रात्रीच्या मुक्कामासाठी वापरला.

संत जेरोम यांनी पवित्र शास्त्राचे लॅटिन भाषांतर केले, तेव्हा हा शब्द त्यांच्या हाताशी होताच. गणना या ग्रंथाच्या तेहतिसाव्या अध्यायात इजिप्तमधून निघालेल्या इस्राएली लोकांच्या ४२ मुक्कामांची यादी आहे. जेरोमनी तेथे 'मान्सिओनेस' असे लिहिले. चाळीस वर्षांच्या त्या भटकंतीत कोणता वाडा होता आणि कोणता महाल? तंबू, वाळू, कुठे खजुरीची झाडे आणि कुठे कडू पाणी. हीच त्यांची मॅन्शने होती. मूळ हिब्रू शब्द तर याहूनही बोलका आहे. त्याच्या धातूचा अर्थ तंबूच्या मेखा उपटणे असा होतो. लॅटिन भाषेने त्या ठिकाणाला थांबण्यावरून नाव दिले, तर हिब्रूने निघण्यावरून.

योहानकृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात प्रभू येशू शिष्यांचा निरोप घेताना पित्याच्या घरातील जागांविषयी बोलतो, तेथे मूळ ग्रीकमध्ये 'मोने' हा शब्द आहे. तोही 'मेनेइन', म्हणजे राहणे, यापासून झालेला आहे. जेरोमच्या भाषांतरात त्याचे 'मान्सिओनेस' झाले आणि त्या लॅटिनच्या प्रभावाने इंग्रजीत 'मॅन्शन्स' आला. टिंडेलच्या १५२६ च्या, कॅथलिकांच्या रीम्स येथील १५८२ च्या आणि राजा जेम्सच्या १६११ च्या भाषांतरात तो शब्द आहे, कारण तेव्हाच्या इंग्रजीत 'मॅन्शन' म्हणजे राहण्याचे ठिकाण एवढाच अर्थ पुरेसा रूढ होता. पुढे सरदार-जमीनदारांच्या राहत्या घराला तो विशेषेकरून लावला जाऊ लागला आणि हळूहळू राहणे मागे पडून केवळ थाट उरला. लंडनच्या महापौरासाठी जे 'मॅन्शन हाउस' उभारले, त्याची पायाभरणी १७३९ साली झाली. त्याच वर्षी चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला जिंकला आणि तेथील पोर्तुगीज अमीर-उमरावांनी आपली दगडी घरे सोडली. त्या घरांच्या भिंतींतून आज वडा-पिंपळाची मुळे शिरलेली आपण पाहतो. योगायोगापलीकडे या दोन घटनांचा काही संबंध नाही, परंतु एकाच वर्षी एका ठिकाणी मोठ्या घराचा पाया घातला जावा आणि दुसऱ्या ठिकाणची मोठी घरे ओस पडावीत, हे ध्यानात राहते खरे.

इतर ठिकाणी या शब्दाचे दैव निराळे ठरले. मुंबईत गिरगाव-दादरकडे ज्या जुन्या इमारतींच्या दर्शनी भागावर 'मॅन्शन' असे कोरलेले असते, त्यांच्या एकेका मजल्यावर अनेक बिऱ्हाडे नांदत आली आहेत. जपानमध्ये तर 'मान्शोन' म्हणजे इमारतीतील साधा फ्लॅट. तेव्हा त्या गृहस्थांना आमचे पहिले उत्तर असे की, प्रभूने शिष्यांना बंगल्यांचे आश्वासन दिलेले नाही. मराठी भाषांतरकारांनी तेथे महाल वा वाडे न आणता राहण्याची जागा हाच सरळ अर्थ घेतला, याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. ओरिजेन यांच्यासारख्या तिसऱ्या शतकातील विद्वानाने तर या जागांचा अर्थ आत्म्याच्या वाटचालीतील टप्पे असाही लावला होता.

परंतु केवळ शब्दाची खोड काढून प्रश्न मिटत नाही. 'मॅन्शन' नको, आपण 'महाल' म्हणू, असे कोणी म्हटले तर? आणि येथे आम्हांला खरे नवल वाटले. 'महाल' हा शब्द अरबी 'महल्ल' यावरून आला आहे आणि त्याच्या धातूचा मूळ अर्थ सोडणे, गाठ सोडणे असा आहे. जनावराच्या पाठीवरचे ओझे सोडून जेथे उतरायचे, ती जागा महाल! 'मंदिर' हा संस्कृत शब्द कोशकार ज्या 'मंद्' धातूशी जोडतात, त्यात थांबणे, रेंगाळणे हा अर्थ आहे आणि देवळाप्रमाणेच राहते घर व राजवाडा या अर्थीही तो वापरला गेला आहे. आज आपण ज्याला तोऱ्याने 'बंगला' म्हणतो, तो तर बंगालमधील खेडुताच्या शाकारलेल्या झोपडीचा वंशज होय. इंग्रज साहेबांनी तो उचलला आणि पुढे टपालाच्या रस्त्यांवर टप्प्याटप्प्याने 'डाक बंगले' बांधले. रोमन मान्सिओ आणि हा डाक बंगला, यांत दीड-दोन हजार वर्षांचे अंतर असूनही काही फरक नाही. दोन्ही टपालाच्या वाटेवरचे, दोन्ही रात्रीपुरते.

सर्वांत मोठे नवल तर आपल्या रोजच्या पत्त्यात दडलेले आहे. मराठी माणूस पत्राच्या पाठीवर आरंभीच 'मु. पो.' लिहितो. मुक्काम, पोस्ट. ज्याला आपण कायमचा पत्ता म्हणतो, त्याचा पहिला शब्द मुक्काम असतो. सातबाऱ्यावर सात पिढ्यांची नावे असलेला शेतकरीसुद्धा मुक्कामच लिहितो. पोर्तुगालमध्ये पत्त्याला 'मोरादा' म्हणतात. त्याचेही मूळ थांबण्यात, खोळंबण्यात आहे. याच शब्दाचे अनेकवचन घेऊन आव्हिलाच्या संत तेरेझा यांनी १५७७ साली आत्म्याच्या किल्ल्यातील सात मोरादांविषयी आपला ग्रंथ लिहिला. निरनिराळ्या देशांतील, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांनी आपल्या उत्तमोत्तम घरांना वाटसरूच्या भाषेतील शब्द द्यावेत, यामागे काही तरी जाणीव असली पाहिजे, असे आम्हांला वाटते.

अपवाद आहे तो 'वाडा' या शब्दाचा. तो संस्कृत 'वाट' यावरून आला आणि तेथे त्याचा अर्थ कुंपण, कुंपण घातलेली जागा असा आहे. गुरांचा वाडा, केळीची वाडी आणि पेशव्यांचा शनिवारवाडा ही एकाच कुंपणातली मंडळी. 'हवेली'ही जवळपास याच जातीची. तिच्या अरबी मुळाचा अर्थ सभोवतालचा. पुणे शहराला वेढून असलेल्या तालुक्याचे नाव हवेली आहे, हे त्या दृष्टीने सार्थ होय. म्हणजे मोठ्या घरासाठी माणसाने दोन प्रकारचे शब्द निवडले. एक प्रकार सांगतो की येथे कोणी तरी उतरतो. दुसरा सांगतो की येथे कोणाला तरी बाहेर ठेवले आहे. दोन्ही गरजा खऱ्या आहेत. कुंपणावाचून वाडी टिकत नाही, हे बागायतदारांच्या धर्मग्रामाला आम्ही सांगावयास नको. पण कोणत्या शब्दाने आपले घर ओळखले जावे, हा प्रश्न प्रत्येक घरबांधणीच्या वेळी नव्याने पडतो आणि त्याचे उत्तर पाटीवर नव्हे, तर नकाशात दिले जाते.

आमच्या जुन्या घरांच्या नकाशात रस्त्याकडे तोंड करून ओटी किंवा पडवी असे. ती घराची असूनही निम्मी रस्त्याची होती. उन्हातून आलेला कोणीही तेथे बसे आणि पाणी मागे. नव्या नकाशात ओटीची जागा गाडीने घेतली आहे. पुढे उंच भिंत आहे, भिंतीवर काचा आहेत आणि फाटकावर कुत्र्यापासून सावध राहण्याची सूचना आहे. चोऱ्यामाऱ्या वाढल्या, परकी माणसे वाढली, ही कारणे आम्ही खोटी म्हणत नाही. पण ओटी गेली तेव्हा घराचा नेमका कोणता अवयव गेला, याची आपल्यापैकी फारशा कोणाला रुखरुख लागलेली दिसत नाही.

येथे काही वाचक म्हणतील की, फादर जुन्या काळाचे गोडवे गात आहेत. तसे नाही. त्या जुन्या घरांत काय काय सोसावे लागे, हे आम्ही ऐकले आहे आणि पाहिलेही आहे. चार भावांचा संसार एका चुलीवर, नव्या सुनेला पाठ टेकावयास कोपरा नाही, अभ्यास करणाऱ्या मुलाला दिव्याखाली जागा नाही, आजाऱ्याला निवांतपणा नाही. पाहुणचाराचा लौकिक घरधन्याला मिळे आणि त्यासाठी पहाटेपासून राबत ती घरातील बाईमाणसे. शिवाय त्या ओटीवर कोणी बसावे आणि कोणी अंगणाच्या कडेलाच उभे राहावे, याचे अलिखित नियम ख्रिस्ती घरांनीही पाळलेले आहेत. तेव्हा ज्याने आखाती देशांत वीस वर्षे उन्हात राबून मुलांसाठी स्वतंत्र खोल्या बांधल्या, त्याच्याकडे बोट दाखवण्याचा अधिकार आम्हांला नाही. दारिद्र्य हा सद्गुण नव्हे. ऐच्छिक दारिद्र्य हा सद्गुण आहे आणि तो दुसऱ्यावर लादता येत नाही.

मग मोठ्या घराविषयी नैतिक प्रश्न नेमका कोठे उभा राहतो? आमच्या मते तो क्षेत्रफळात नाही, 'मेनेइन' या क्रियापदात आहे. त्या घरात राहते कोण?

पुन्हा योहानकृत शुभवर्तमानाकडे वळू. 'मोने' हा शब्द संपूर्ण नव्या करारात केवळ दोनदा येतो आणि तो दोन्ही वेळा याच चौदाव्या अध्यायात. दुसऱ्या श्लोकात तो पित्याच्या घरी आपल्याला मिळणाऱ्या जागेविषयी आहे. तेविसाव्या श्लोकात मात्र दिशा उलटते. जो प्रभूवर प्रेम करून त्याचे वचन पाळतो, त्याच्याकडे पिता आणि पुत्र स्वतः येतील आणि त्याच्याजवळ आपली मोने करतील, असे तेथे सांगितले आहे. जेरोमनी तेथेही 'मान्सिओ' हाच शब्द योजला. म्हणजे त्या सुविद्य गृहस्थांनी दाखवलेल्या आधाराचा दुसरा अर्धा भाग असा की, देवालाही मॅन्शन हवे आहे आणि ते त्याने बांधावयाचे नसून आपण मोकळे करून द्यावयाचे आहे.

प्रभू ज्यांच्या घरी उतरला, त्यांत श्रीमंत नव्हते असे नाही. जकातदारांचा मुखिया जक्कय याचे घर यरीहोत नक्कीच लहान नसणार. आज मला तुझ्या घरी राहिले पाहिजे, अशा आशयाचे शब्द प्रभू त्याला उद्देशून बोलतो, तेथे लूकने 'मेनेइन' हेच क्रियापद वापरले आहे. जक्कयला प्रभूने घर पाडावयास सांगितले नाही. पाहुणा आला आणि मग यजमानाने आपण होऊन निम्मी मालमत्ता गरिबांना देऊ केली. ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्याचे कबूल केले. याच लूकने सांगितलेल्या दुसऱ्या एका श्रीमंताच्या घराला फाटक होते आणि त्या फाटकापाशी लाजर पडून होता. त्या श्रीमंताने लाजरला मारल्याचे किंवा हाकलल्याचे शुभवर्तमानात म्हटलेले नाही. त्याने त्याला आत आणले नाही, एवढेच.

घराला आशीर्वाद देण्यासाठी आम्हांला वारंवार बोलावणे येते. पवित्र पाणी शिंपडीत आम्ही खोलीखोलीतून फिरतो आणि सोबतचे यजमान ही कोणाची, ती कोणाची, असे सांगत जातात. थोरला कॅनडात आहे, त्याची ही खोली. मुलगी ऑस्ट्रेलियात आहे, तिची ती वरची. ही पाहुण्यांची. आणि आजी? आजींना जिना चढवत नाही, म्हणून त्यांची खाट मागच्या बाजूला, स्वयंपाकघरालगत. पाच-सहा वर्षांनी त्याच घरी आजाऱ्याला परमप्रसाद घेऊन जावे, तर वरच्या खोल्यांना कुलपे आणि खाली दोन वृद्ध जीव, असे चित्र आम्ही एकाहून अधिक घरी पाहिले आहे. त्या घरांत पैशाची वाण नाही. मुलेही कृतघ्न नाहीत. दर रविवारी त्यांचा फोन येतो. पण राहणे या क्रियापदाला तेथे कर्ता उरलेला नाही. भावाभावांत ज्या जागेसाठी कोर्टात तारखा पडल्या, जिच्यापायी सख्ख्या बहिणीचे येणे-जाणे बंद झाले, तीच जागा आता धूळ खात आहे. याला काय म्हणावे?

आपले बोलणे एकतर्फी होऊ नये म्हणून हेही नमूद केले पाहिजे की, ख्रिस्तसभेच्या मालकीच्या वास्तूंतही बंद खोल्या असतात. धर्मगुरूंचे बंगले काही लहान नसतात. आम्हांला दर काही वर्षांनी बदलीचा आदेश येतो आणि दोन पेट्या घेऊन आम्ही निघतो, त्यामुळे मान्सिओचा मूळ अर्थ आमच्याइतका कोणाला ठाऊक असणार! तरीही बंगल्याच्या किल्ल्या घट्ट धरून ठेवण्याचा मोह वाटसरूलाही होतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली निवड झाल्यावर पोपच्या प्रासादातील दालनांत राहावयास न जाता अतिथिगृहातील खोली पत्करली आणि २०२५ साली मृत्यू येईपर्यंत ते तेथेच राहिले. त्या अतिथिगृहाला संत मार्था हिचे नाव आहे. बेथानीतील आपल्या घरी प्रभूला उतरवून घेणारी ती हीच मार्था. एकटेपणा आपल्याला मानवत नाही, आपल्याला माणसांत राहावयास हवे, हे कारण त्यांनी स्वतः दिले होते. त्यागाचा डांगोरा त्यांनी पिटला नाही.

आपल्या धर्मग्रामांत आता केवळ आपणच नाही. लोहमार्गाच्या दोन्ही अंगांना इमारती उठल्या आणि गुजराती, हिंदी, मल्याळी, तामिळ बोलणारी माणसे आली. त्यांतील कित्येक रविवारी आपल्याशेजारी गुडघे टेकतात. 'बाहेरचे' हा शब्द त्यांच्याविषयी सर्रास वापरला जातो. पाणी, रस्ते आणि बळकावलेल्या जमिनी यांविषयी आपल्या लोकांची तक्रार आम्ही जाणतो. तीत तथ्य आहे. परंतु 'पॅरिश' या शब्दाचे मूळ पाहावे. ग्रीक 'पारोइकिया' म्हणजे परक्या ठिकाणचे वास्तव्य आणि 'पारोइकोस' म्हणजे बाहेरून येऊन राहिलेला, स्थानिकाचे हक्क नसलेला माणूस. आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी हा शब्द स्वतःसाठी निवडला. एम्माउसच्या वाटेवर क्लयपा पुनरुत्थित प्रभूला न ओळखता, तू जेरुसलेमातला उपरा दिसतोस, अशा अर्थाने बोलतो, तेथे याच शब्दाचे क्रियापद आहे. मग संध्याकाळ होते आणि ते दोघे त्या उपऱ्याला आग्रह करतात की, आमच्याकडे राहा. येथे पुन्हा 'मेनेइन'. भाकरी मोडली जाते ती त्यानंतर. त्यांनी दार लावून घेतले असते, तर ते कोणाला मुकले असते, हे त्यांना कधी कळलेही नसते.

पाहुणचार आंधळा असावा, असे मात्र ख्रिस्तसभेने कधी सांगितलेले नाही. 'डिडाखे' या अतिप्राचीन ख्रिस्ती पुस्तिकेत वाटसरू पाहुण्याला दोन, फार तर तीन दिवस ठेवावे आणि त्यापुढे राहायचे असेल तर त्याने काम करून खावे, असा व्यवहारी नियम आहे. आपल्या आजीबाईंनी तो वाचला असता, तर त्यांना फार आवडला असता.

आता एका स्त्रीची हकिकत सांगणे आम्हांला अगत्याचे वाटते, कारण 'मान्सिओ' या शब्दाशी तिचे नाव कायमचे जोडले गेले आहे. फाबिओला ही रोममधील फाबिउस या अत्यंत जुन्या, मातब्बर कुळातील. पहिला नवरा दुराचारी निघाला म्हणून तिने त्याला सोडले आणि तो हयात असतानाच दुसरे लग्न केले. दुसऱ्या पतीच्या मृत्यूनंतर, पुनरुत्थानाच्या सणापूर्वी, लॅटरन महामंदिराशी पश्चात्ताप करणाऱ्यांच्या रांगेत ती केस मोकळे सोडून सर्व रोमच्या देखत उभी राहिली. मग तिने आपली मालमत्ता विकली आणि त्या पैशातून रुग्णालय उभारले. जेरोमच्या म्हणण्याप्रमाणे रोममध्ये असे करणारी ती पहिली. रस्त्यांवर पडलेल्या रोग्यांना ती स्वतः खांद्यावरून आणी आणि ज्या जखमांकडे पाहणे इतरांना सोसत नसे, त्या आपल्या हातांनी धुई.

इ. स. ३९५ च्या सुमारास ती बेथलेहेमला जेरोम यांच्याकडे गेली. तेथे पवित्र शास्त्र वाचताना ती गणना ग्रंथातील त्या ४२ मुक्कामांच्या यादीपाशी अडली. ही एवढी नावे कशासाठी, प्रत्येकाचा अर्थ काय, असे विचारून तिने जेरोमना भंडावून सोडले. त्यांनी लिहून देण्याचे वचन दिले. तेवढ्यात हूण टोळ्या येत असल्याची आवई उठली आणि ती रोमला परतली. तेथे तिने पामाखिउस या संसारातून विरक्त झालेल्या सिनेटरच्या साथीने रोमच्या बंदरावर, पोर्तुस येथे, परदेशी वाटसरूंसाठी अतिथिगृह बांधले. त्याची निकड होती. सरकारी मान्सिओत राज्याच्या परवान्यावाचून पाय ठेवता येत नसे आणि साध्या प्रवाशाला उरत त्या बदलौकिकाच्या खाणावळी. जहाजातून आजारी उतरणाऱ्या परक्याला तर कोणीच थारा देत नसे. रोमच्या एका थोर घराण्यातील लेकीने आपल्या घरादाराचा पैसा त्यांच्यासाठी मोकळा केला आणि सम्राटाच्या मान्सिओत ज्यांना दार बंद होते, त्यांना उतरावयास जागा दिली.

इ. स. ३९९ मध्ये ती वारली. तिच्या अंत्ययात्रेला अवघे रोम लोटले होते, असे जेरोम लिहितात. वचन दिलेले पत्र तोवर पूर्ण झाले नव्हते. पुढे त्यांनी ते पूर्ण करून तिच्याच स्मृतीस अर्पण केले. त्यात इजिप्तपासूनचा एकेक मुक्काम क्रमाने घेतला आहे, त्याच्या नावाचा अर्थ लावला आहे आणि आत्म्याच्या प्रवासात तो कोठे येतो ते सांगितले आहे. बेचाळिसावा मुक्काम मवाबाच्या मैदानात यार्देन नदीच्या काठी पडतो. तंबू नदीच्या अलीकडे ठोकलेले आहेत आणि पलीकडे यरीहो आहे.